न पुसता : जुन्या तबकड्या, नवे कपाट

यवतमाळहून वणीकडे जाताना करंजी मागे पडली की मारेगाव लागते. तालुक्याचे गाव, भोवती कापसाचा मुलूख आणि त्या मुलखात विखुरलेले कोलामांचे पोड. ह्या गावी आमचे एक वडीलधारे स्नेही राहतात. आम्ही त्यांना नुसते ‘सर’ म्हणतो. आयुष्यभर त्यांनी शाळेत मराठी शिकविले आणि संध्याकाळी अक्षरजुळणीचे छोटेसे दुकान चालविले. दुकान बंद झाले तेव्हा त्यांच्याकडे चार हार्ड डिस्क उरल्या. पंचक्रोशीतील कवींचे संग्रह, चार-दोन अनियतकालिके आणि लग्नपत्रिकांचा अफाट ढीग तीन डिस्कांवर होता. चौथीवर सरांनी पोडांवर जाऊन कॅसेटांत भरलेली आणि पुढे संगणकात उतरवून घेतलेली कोलामी गाणी होती. कोलामी ही मराठीच्या शेजारात नांदणारी द्राविड कुळातील भाषा. तिला स्वतःची लिपी नाही. त्यामुळे सरांनी गाण्यांची संहिता देवनागरीत लिहून ठेवली होती. कॅसेटा केव्हाच बुरशीने गेल्या होत्या. म्हणजे त्या डिस्कवरचा पाठ हाच एकमेव पाठ होता.

गेल्या पावसाळ्यात हे सारे एका जागी आणण्यासाठी आम्ही नॅसची पेटी घेऊन गेलो. नॅस म्हणजे घरातल्या जाळ्यावर बसणारे साठवणीचे कपाट. त्यात डिस्क सरकवाव्यात आणि घरातील कोणत्याही संगणकावरून त्या उघडाव्यात, अशी आमची साधी समजूत होती. दोन डिस्क जुन्या, रुंद पट्टीच्या वायरीच्या निघाल्या. त्या खणात बसेचनात. उरलेल्या दोन बसल्या. पेटीने दोन्हींविषयी एकच निर्णय दिला : डिस्कची मांडणी झालेली नाही, वापरायची तर ती करावी लागेल. सरांच्या म्हणण्याप्रमाणे दोहोंपैकी एक कोरी असावी. पेटी जिला पहिली म्हणाली तीच कोरी, असे आम्ही धरून चाललो आणि ‘होय’ दाबले. पुढची सूचना, म्हणजे सर्व मजकूर नष्ट होईल ही, आम्ही वाचली होती. पण कोऱ्या पाटीवरचे काय पुसणार, असे मनाशी म्हटले. ती गाण्यांची डिस्क होती.

सर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “रिकामी म्हणाली का ती पेटी? मग मी पंधरा वर्षं तिच्यात काय हवा भरत होतो?”

ह्या प्रश्नाने आम्हांस इतिहासाकडे ढकलले. पेटी खोटे बोलली नव्हती. ‘मला हे वाचता येत नाही’ एवढेच तिला सांगायचे होते, आणि आम्ही ते ‘येथे काही नाही’ असे ऐकले. वाङ्मयाच्या अभ्यासकाने तरी ह्या दोन वाक्यांतला फरक विसरू नये. मराठीचा अर्धा इतिहास त्या फरकावर उभा आहे.

आधी तबकडीचे. १९५६ साली आयबीएमने रॅमॅक नावाचे यंत्र बाजारात आणले. त्यात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि त्यांवर सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत. आजच्या हिशेबाने ते एका छायाचित्राएवढे झाले. तबकडीवर चुंबकीय ठिपक्यांखेरीज काही नसते. कोणता ठिपका कोणत्या फाइलचा, हे सांगणारी एक अनुक्रमणिका तबकडीवरच लिहावी लागते. तिच्या रचनेला फाइल-व्यवस्था म्हणतात आणि ती रचना कोऱ्या तबकडीवर आखण्याला फॉरमॅट करणे. ही अनुक्रमणिका प्रत्येक घराण्याने आपापल्या पद्धतीने लिहिली. मायक्रोसॉफ्टची फॅट सत्तरच्या दशकातली, तिची एनटीएफएस १९९३ची. लिनक्सची एक्स्ट-दोन त्याच १९९३ची, एक्स्ट-चार २००८ची. एका घराण्याच्या यंत्राला दुसऱ्याची अनुक्रमणिका कळेलच असे नाही, आणि न कळणारी तबकडी त्याच्या लेखी ‘मांडणी न झालेली’ ठरते.

जाळ्यावरून दुसऱ्याची कपाटे उघडण्याचा इतिहास निराळा आणि अधिक मनोवेधक आहे. सन कंपनीची एनएफएस १९८४ची. विंडोजच्या जगात आयबीएमकडून आलेली एसएमबी रुळली. १९९२च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल ह्या विद्यार्थ्याने, हाती व्याकरणाचा ग्रंथ नसताना, दोन यंत्रे तारेवरून काय बोलतात ते ऐकत ऐकत त्यांची भाषा बांधली. त्यातून सांबा हा प्रकल्प उभा राहिला. पोडावर बसून एखादी बोली ऐकणारा संशोधक ह्याहून वेगळे काय करतो? आजच्या बहुतेक घरगुती नॅस पेट्यांत आत लिनक्स असते आणि बाहेरच्या जगाशी बोलायला सांबा.

मग पेटी जुनी डिस्क आहे तशी का घेत नाही? त्यात दुष्टावा नाही. १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ ह्यांनी रेडची कल्पना मांडली : अनेक स्वस्त तबकड्या एकत्र बांधाव्यात, म्हणजे एक निकामी झाली तरी मजकूर टिकावा. नॅस पेटी हे बांधकाम करते. त्यासाठी ती प्रत्येक डिस्कचे आपल्या मापाने तुकडे पाडते, काही पेट्या एका तुकड्यात स्वतःची व्यवस्था ठेवतात आणि उरलेल्यावर आपली अनुक्रमणिका आखतात. आधीची अनुक्रमणिका तिच्या वाटेत येते. थोडक्यात, खणात सरकविलेली डिस्क पेटीला घरची म्हणून हवी असते. तीच डिस्क यूएसबीच्या वायरीने बाहेरून जोडली तर पाहुणी ठरते, आणि पाहुण्याची अनुक्रमणिका मात्र बहुतेक पेट्या विनातक्रार वाचतात. त्याच कंपनीच्या जुन्या पेटीतील डिस्क नव्या पेटीत तशाच चालतात असेही पुष्कळदा घडते, कारण घराणे एकच असते. ओपनमीडियावॉल्टसारखी मुक्त प्रणाली जुन्या संगणकावर बसविली तर आतील डिस्कही न पुसता जोडता येते. हे सर्व आम्हांस नंतर कळले. रुंद वायरीच्या दोन डिस्क अशाच, एका स्वस्तातल्या जोडणीच्या साहाय्याने बाहेरून लावल्या आणि कवींचे संग्रह व लग्नपत्रिका सुखरूप मिळाल्या. लग्नपत्रिका एकही हरवली नाही, हे येथे मुद्दाम नोंदवितो.

आता विदर्भाच्या दुसऱ्या एका कपाटाकडे वळू. लीळाचरित्राची कथा अभ्यासकांना ठाऊक आहे, पण ह्या प्रसंगी ती पुन्हा वाचण्याजोगी वाटली. म्हाइंभटांनी गावोगाव फिरून, चक्रधरस्वामींना पाहिलेल्यांना विचारून विचारून लीळा गोळा केल्या आणि ऋद्धिपुरी नागदेवाचार्यांकडून त्या तपासून घेतल्या. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातले हे काम. पुढे धाडींच्या काळात ती मूळ प्रत नाहीशी झाली. मग हिराइसा आदींच्या पाठांतरावरून ग्रंथ पुन्हा बांधला गेला, आणि स्मरण अनेकांचे असल्यामुळे पाठही अनेक झाले. पाठभेदांचा जो पसारा संपादकांना आवरावा लागला त्याचे मूळ तेथे आहे. वि. भि. कोलते ह्यांची १९७८ची आवृत्ती हातात घेतली की एका हरवलेल्या प्रतीची किंमत किती पिढ्या फेडतात ते दिसते.

महानुभावांनी ह्यानंतर आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत बंद केले. सकळ, सुंदरी, पारमांडल्य, अंक, शून्य, सुभद्रा अशी त्यांची नावे. सकळ लिपी ही मूलतः अक्षरबदलाची लिपी : एका अक्षराच्या जागी दुसरे चिन्ह. पोथ्या मठांत होत्या, त्यांची पूजाही होत होती, पण पंथाबाहेरच्या वाचकाला त्या वाचता येत नव्हत्या. परिणाम असा की जुन्या मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणारे कित्येक वर्षे ज्ञानेश्वरीच्या काळातले गद्य जवळजवळ नाहीच असे समजून चालले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे ह्यांच्या पिढीने ही लिपी उकलली, आणि यवतमाळचे य. खु. देशपांडे ह्यांनी त्या वाङ्मयाचा शोध हे आपले जीवितकार्य मानले. मारेगावपासून यवतमाळ फार दूर नाही. ज्या जिल्ह्यात हे काम झाले त्याच जिल्ह्यात बसून आम्ही न वाचता येणाऱ्या वस्तूला कोरी म्हणालो, ही गोष्ट आम्हांस आजही टोचते.

मोडीचेही तेच झाले. दफ्तरांतील रुमाल जागच्या जागी राहिले, मोडी वाचणारे डोळे मात्र कमी होत गेले. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढणाऱ्या राजवाड्यांनी वाड्यांच्या माळ्यांवरून जे कागद खाली उतरविले, ते कित्येक घरांत रद्दी म्हणून पडलेले होते. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २०१४ साली. असो.

सरांच्या डिस्क उघडल्या तरी आमचे काम संपले नव्हते. फाइली दिसू लागल्या. त्या उघडल्यावर मात्र रोमन अक्षरे, टिंबे आणि अधिकउण्याची चिन्हे ह्यांचा चिवडा निघाला. कारण जुन्या अक्षरजुळणीत देवनागरी अशी साठविलीच जात नसे. फॉन्ट बनविणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसविले होते : अर्धा स, काना, वेलांटी, रफार. प्रत्येक फॉन्टचे बसविणे निराळे. वास्तविक १९९१ साली इस्की हे भारतीय मानक आले होते, पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट तंत्रही होते, आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. पण छापखान्याला कागदावर नीट उमटणारे अक्षर हवे होते, आत कोणता आकडा साठतो ह्याची फिकीर कोणाला? सकळ लिपी हेतुपुरस्सर घडविली होती. ही आमची गुप्तलिपी बेफिकिरीतून घडली. किल्ली मात्र दोहोंनाही लागते, आणि येथे किल्ली म्हणजे तो नेमका फॉन्ट.

फॉन्ट सरांच्या एका डिस्कवरच सापडला. रूपांतर करणारी आज्ञावलीही मिळाली. तरी सारे सुरळीत झाले असे नाही. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकलेली असते, कारण डोळ्यांना ती आधी दिसते. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर येते. रफाराचे उलट. आज्ञावलीला ही उलथापालथ करावी लागते आणि जोडाक्षरांपाशी ती अडखळते. कवितेत मध्येच आलेला इंग्रजी शब्दही ती मराठी समजून बदलते, आणि एका कवीच्या ओळीत असा अगम्य शब्द उमटला की आम्ही क्षणभर त्याला नवकविता समजलो. म्हणून आम्ही एक नियम केला : रूपांतरित प्रत वेगळी, मूळ फाइल तिच्या फॉन्टासकट जशीच्या तशी वेगळी. संपादक पोथीवर दुरुस्ती करीत नाही, आपल्या वहीत करतो, तसेच हे. आणि मूळ डिस्क जोडताना ती फक्त वाचण्यापुरती जोडायची, तिच्यावर एक अक्षरही लिहायचे नाही. अशी सोय लिनक्समध्ये आहे. आधीच वापरली असती तर हा लेख लिहावा लागला नसता.

गाण्यांच्या डिस्कचे काय झाले ते सांगायचे राहिले. झटपट फॉरमॅटने मजकूर लगेच जात नाही, अनुक्रमणिका जाते. पेटीने स्वतःची व्यवस्था लिहिली तेवढा भाग कायमचा गेला, बाकीचे ठिपके जागेवर होते. आम्ही पेटी तत्काळ बंद केली, डिस्कची ठिपकान्‌ठिपका नक्कल दुसऱ्या डिस्कवर घेतली आणि तिच्यावर फोटोरेक ही आज्ञावली चालविली. ती अनुक्रमणिका बघतच नाही, फाइलींच्या आरंभखुणा शोधते. ध्वनिफाइलींच्या आरंभी एक ठराविक चार अक्षरी खूण असते. सुट्या पानांच्या ढिगात ‘श्रीगणेशाय नमः’ शोधून ग्रंथांचे आरंभ ठरवावेत, तशी ही रीत. ह्या रीतीने एकशे बारा ध्वनिफाइली निघाल्या. नावे गेली, क्रम गेला, कोणते गाणे कोणत्या पोडावरचे, कोणी म्हटलेले, हे सारे गेले. काही फाइली मध्येच दुसऱ्या गाण्यात शिरतात, कारण त्यांचे तुकडे तबकडीवर दूर दूर पडले होते. संहितेच्या फाइलींपैकी अगदी थोड्या उघडल्या.

पत्रांक नसलेल्या पोथीची पाने लावणारा निदान वाक्याच्या दुव्यावर विसंबतो. आम्हांस कोलामी येत नव्हती. सरांना थोडी येते, पण कान आता साथ देत नाहीत. शेवटी ध्वनिफाइली एका साध्या फोनवर भरून आम्ही त्यांच्यासोबत जवळच्या एका पोडावर गेलो. ओसरीवर बसलेल्या एका वृद्ध बाई ऐकू लागल्या. सातव्या फाइलीपाशी त्यांनी हात वर केला. गाणे तुटले तेथून पुढचे त्या स्वतःच म्हणू लागल्या, आणि मग सरांकडे वळून म्हणाल्या की हे तुम्ही माझ्या जावेकडून भरून घेतले होते, चौथे कडवे ती नेहमी विसरायची. आम्ही ते कडवे लिहून घेतले. आता ह्या गाण्याचे आमच्याकडे दोन पाठ आहेत, एक तुटका आणि एक पूर्ण. दोन्ही वेगवेगळ्या नावांनी, दोन डिस्कांवर ठेवले आहेत. एकशे पाच फाइली अजून ऐकवायच्या आहेत. दिवाळीनंतर, कापूस वेचून झाला की पुन्हा या, असे बाईंनी सांगितले आहे.