वर्दीनंतर परिचर्येची पदवी : क्रमाचा प्रश्न

नागपूरच्या महालात राहणाऱ्याला मेयो, डागा आणि मेडिकल ही तिन्ही सरकारी रुग्णालये जवळची. कामठीची छावणीही तासाभराच्या आत गाठता येते. फौजेतून परतून परिचर्येकडे वळू पाहणाऱ्या माणसाला विदर्भात याहून सोयीची जागा सापडणे कठीण. तरीही अशा माणसाची पदवीची इच्छा बहुधा पहिल्याच खिडकीवर अडते. अडण्याचे कारण सगळे वय सांगतात. माझ्या मते खरे कारण क्रम हे आहे. जी कामे वर्दीत असताना उरकायची, ती घरी परतल्यावर सुरू होतात आणि तोवर एक-दोन दारे बंद झालेली असतात.

आधी ‘फौजेतून परतलेला’ म्हणजे नेमका कोण, हे पाहू. आर्मी मेडिकल कोअरमधला नर्सिंग असिस्टंट बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी घेऊन, एकूण 50 टक्के व प्रत्येक विषयात किमान 40 टक्के मिळवून भरती झालेला असतो. बी. एस्सी. नर्सिंगसाठी भारतीय परिचर्या परिषदेची अट याच विषयांत 45 टक्क्यांची. म्हणजे गुणांची अट त्याने भरतीच्या दिवशीच पूर्ण केलेली असते. पायदळातला किंवा तोफखान्यातला जवान मात्र पुष्कळदा दहावीवर किंवा कला शाखेच्या बारावीवर गेलेला असतो. तिसरा अग्निवीर. 14 जून 2022 रोजी योजना जाहीर झाली आणि पहिल्या तुकडीची चार वर्षे 2026 च्या अखेरीपासून भरू लागतात. या तिघांना एकच सल्ला देणे म्हणजे तिघांचेही नुकसान करणे.

नर्सिंग असिस्टंटबद्दलचा एक गैरसमज फार खोल रुजलेला आहे. ज्याने पंधरा-सतरा वर्षे लष्करी रुग्णालयात सलाईन लावले, जखमा बांधल्या, शस्त्रक्रियागृहात उभे राहून काम केले, तो परिचारक नाही तर कोण, असे घरचे विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण कायद्याचे उत्तर वेगळे आहे. राज्यात परिचारक म्हणून काम करायचे तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत नाव हवे आणि ते मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पुरा केल्यावरच चढते. माजी सैनिकांच्या ईसीएचएस या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये नर्सिंग असिस्टंटच्या जागेसाठी लष्कराचा क्लास वन कोर्स जीएनएम (सर्वसाधारण परिचर्या व प्रसूतिविद्या) पदविकेच्या बरोबरीने धरला जातो. तेच प्रमाणपत्र घेऊन नागरी रुग्णालयाच्या भरतीला गेले, तर आधी नोंदणी क्रमांक मागतात. कौशल्य तेच, हात तेच, आणि एका दारात मान्य ते दुसऱ्या दारात अमान्य. सेवेच्या शेवटच्या वर्षात पुनर्वसन महासंचालनालयाकडून मिळणारे काही आठवड्यांचे कोर्सही नोंदणीच्या कामाचे नाहीत. ते करावेत, पण पदवीच्या हिशेबात धरू नयेत.

आता वाटा. विज्ञानाची बारावी असेल तर सरळ चार वर्षांचे बी. एस्सी. नर्सिंग, राज्य सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पदवी. विज्ञान नसेल तर दोन पर्याय उरतात. पहिला, राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून तीन विज्ञान विषय व इंग्रजीसह बारावी करणे. भारतीय परिचर्या परिषद ही बारावी मान्य करते. दुसरा, तीन वर्षांचे जीएनएम. त्याला शाखेची अट नाही, इंग्रजीसह 40 टक्क्यांची बारावी पुरते. पुढे नोंदणी आणि दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी. एस्सी. केले की पदवी हातात येते. वर्षे पाच लागतात, पण तिसऱ्या वर्षाअखेर कमाईचा हक्क मिळतो. घरी कर्ते दुसरे कोणी नसेल, तर मी हीच वाट शहाणपणाची मानेन.

फक्त इथे वयाची एक धारदार कडा आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमात जीएनएम प्रवेशाची कमाल मर्यादा 35 वर्षांची आहे. अठराव्या वर्षी भरती होऊन सतरा वर्षांनी सुटणारा जवान बरोबर त्या कडेवर उभा असतो. पेन्शनला पंधरा वर्षे पुरतात. तेव्हा ज्याच्या मनात जीएनएम आहे, त्याने सेवा वाढवण्याच्या कागदावर सही करण्याआधी हे गणित मांडावे. दोन वर्षांच्या वाढीव पगारापायी तीन वर्षांच्या पदविकेचे दार बंद होऊ शकते.

नोकरीच्या टप्प्यावर मात्र वय पुष्कळ सैल होते. केंद्राच्या नियमानुसार गट ‘ब’ व ‘क’ च्या पदांसाठी माजी सैनिकाच्या वयातून लष्करी सेवेची वर्षे वजा होतात आणि उरलेले वय मर्यादेहून तीन वर्षांपर्यंत जास्त असले तरी चालते. सतरा वर्षे सेवा करून एकोणचाळिसाव्या वर्षी पदवी घेणारा या हिशेबात बावीस वर्षांचा ठरतो. घरात ‘आता या वयात?’ असा सूर लागतो, तेव्हा हे वजाबाकीचे गणित कागदावर करून दाखवावे. पुरुष उमेदवाराने आणखी एक गोष्ट डोळ्यांसमोर ठेवावी. मिहानमधल्या एम्ससह सर्व एम्समध्ये नर्सिंग ऑफिसरच्या भरतीत स्त्रिया व पुरुष यांचे प्रमाण 80:20 ठरवलेले आहे. तिथली स्पर्धा पुरुषांसाठी अधिक अरुंद आहे हे धरूनच राज्य सेवा, रेल्वे, ईसीएचएस असे पर्याय जवळ ठेवावेत.

अग्निवीराचे गणित उलटे. वय त्याच्या बाजूने आहे, पण माजी सैनिकाचा दर्जा, पेन्शन आणि ईसीएचएस यांतले काही त्याला नाही. त्याच्या हाती सुमारे 11.71 लाखांचा करमुक्त सेवा निधी येतो. ही रक्कम दुचाकी आणि घराची डागडुजी यांत विरघळण्याआधी सरकारी महाविद्यालयातली चार वर्षे तिच्यात बसवता येतात. त्याच्यासाठी मुक्त विद्यालयाची बारावी आणि इग्नूची कौशल्याधारित पदवी अशा सोयी जाहीर झाल्या आहेत. इग्नूच्या त्या पदवीने परिचर्येची नोंदणी होत नाही. म्हणून बारावीला कोणते विषय घ्यायचे, हा त्याचा खरा निर्णय आहे आणि तो पहिल्या दोन वर्षांतच घ्यावा लागतो.

नोकरी करत करत पदवी घेऊ, या भरवशावर तर कोणीच राहू नये. आठ सत्रांच्या या अभ्यासक्रमात विषयवार 80 टक्के हजेरी लागते आणि पदवीपूर्वी प्रात्यक्षिकाचे तास 100 टक्के भरावे लागतात. सुरक्षारक्षकाची रात्रपाळी करून सकाळी वॉर्डात उभे राहणे चार वर्षे निभत नाही. पेन्शन, उपदान आणि बायकोची कमाई यांवर घर किती महिने चालते, हे आधी बसून मोजावे. महालात स्वतःचे घर असेल तर वसतिगृहाचा खर्च वाचतो, ही या वस्तीने दिलेली मोठीच मदत.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. अधिवास आणि जातीचे दाखले रजेवर आलेले असतानाच काढावेत. मुक्त विद्यालयाचे परीक्षाकेंद्र शक्यतो नागपूरचे निवडावे, कारण शिक्षण कोणत्या राज्यात झाले हे प्रवेशाच्या वेळी तपासले जाऊ शकते. वैद्यकीय प्रवेशातला संरक्षण कोटा सैनिकांच्या पाल्यांसाठी असतो, स्वतः सैनिकासाठी नाही. त्यावर भिस्त ठेवून सीईटीची तयारी ढिली करू नये.

व्यक्तीने कितीही नीट नियोजन केले तरी एक उणीव तिच्या हाताबाहेरची राहते. अमेरिकेत लष्करी वैद्यकीय सेवकांच्या अनुभवाला श्रेयांक देऊन त्यांची परिचर्या पदवी लवकर पुरी करणारे अभ्यासक्रम विद्यापीठांनी उभारले; शिक्षणाचा खर्च उचलणारा कायदा तर तिथे 1944 मध्येच झाला. आपल्याकडे 1947 च्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी 2023 मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत झाला आहे. आयोगाने क्लास वन नर्सिंग असिस्टंटांसाठी एक क्षमता परीक्षा घ्यावी. जे त्यांना येते ते त्यांच्या खात्यावर मांडावे, आणि जे लष्करी रुग्णालयात कमी शिकायला मिळते, म्हणजे प्रसूती, बालआरोग्य व सामुदायिक आरोग्य, तेवढे डागासारख्या स्त्री रुग्णालयात आणि ग्रामीण केंद्रांत शिकवावे. सतरा वर्षे रुग्णांपाशी उभ्या राहिलेल्या माणसाला नाडी मोजण्यापासून पुन्हा सुरुवात करायला लावणे त्याच्यावर अन्यायाचे आहे, आणि परिचारकांची वाट पाहणाऱ्या वॉर्डांवरही.