पिअर कोचिंग : शिक्षकांचे परस्पर मार्गदर्शन

एकाच शाळेतील किंवा जवळपासच्या शाळांतील शिक्षकांनी मिळून पाठांची तयारी करणे, एकमेकांचे तास पाहणे आणि वर्गात जे घडले त्यावर बोलून आपले अध्यापन सुधारणे, या व्यावसायिक विकासाच्या पद्धतीला पिअर कोचिंग म्हणतात. यात सर्वांचा दर्जा बरोबरीचा असतो. तास पाहायला आलेला शिक्षक अधिकारी म्हणून आलेला नसतो. त्याने टिपलेल्या गोष्टी गोपनीय अहवालात जात नाहीत आणि त्यांवरून कोणाची वेतनवाढ वा बदली ठरत नाही. सगळी पद्धत या एका अटीवर उभी आहे. ती पाळली नाही तर उरते ते नेहमीचे पाठ-निरीक्षण.

शिक्षक दिवसभर माणसांत असतो, तरी त्याच्या कामाला सोबत नसते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी 1975 च्या ‘स्कूलटीचर’ या ग्रंथात या एकाकीपणाची चिकित्सा केली. शालेय शिक्षण संपेपर्यंत विद्यार्थ्याने सुमारे 13,000 तास शिक्षकांच्या सहवासात काढलेले असतात, पण ते बाकावर बसून, असे त्यांचे निरीक्षण होते. शिक्षकाने असा प्रश्न का विचारला, उदाहरण मध्येच का बदलले, हे बाकावरून कळत नाही. पुढे स्वतः शिक्षक झाल्यावर दुसऱ्याचा तास पाहण्याची संधी जवळजवळ संपते. त्यामुळे आपल्याला जसे शिकवले गेले तसेच शिकवण्याकडे कल राहतो.

पिअर कोचिंगची एक पूर्वपीठिका हार्वर्ड विद्यापीठातील शिक्षक-प्रशिक्षणात सापडते. तेथे मॉरिस कोगन, रॉबर्ट गोल्डहॅमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाठाआधी चर्चा, पाठाचे निरीक्षण, नोंदींचे विश्लेषण आणि पाठानंतर चर्चा असा क्रम बसवला. ‘क्लिनिकल सुपरव्हिजन’ या नावाने तो ओळखला जातो. गोल्डहॅमर यांचा ग्रंथ 1969 मध्ये, तर कोगन यांचा 1973 मध्ये प्रसिद्ध झाला. क्रम उपयुक्त होता, परंतु त्यात पर्यवेक्षक आणि शिक्षक हा उच्चनीच भाव कायम होता.

तो भाव काढून टाकण्याचे काम ब्रूस जॉईस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी केले. त्यांना पडलेला प्रश्न अगदी व्यवहारातला होता : प्रशिक्षणात शिकलेले वर्गात का उतरत नाही? 1970 च्या दशकातील मूल्यमापनांत काही ठिकाणी जेमतेम 10 टक्के शिक्षकच शिकलेली पद्धत प्रत्यक्ष वापरत असल्याचे दिसले होते. दोष शिक्षकांच्या आळसाला किंवा अनास्थेला दिला जाई. जॉईस आणि शॉवर्स यांनी तो प्रशिक्षणाच्या रचनेत शोधला. 1980 च्या लेखात त्यांनी सिद्धान्त, प्रात्यक्षिक, सराव आणि प्रतिसाद यांच्या जोडीला पाचवा घटक मांडला, तो म्हणजे वर्गात प्रत्यक्ष वापर सुरू झाल्यावर मिळणारे कोचिंग. नवी पद्धत पहिल्या काही तासांत अवघडच वाटते. मुलेही गोंधळतात, अभ्यासक्रम मागे पडतो आणि शिक्षक जुन्या वाटेला लागतो. नेमक्या त्या आठवड्यांत सोबत लागते. सोबत मिळालेले शिक्षक नवी पद्धत अधिक वेळा व अधिक सफाईने वापरतात, आपल्या वर्गाला साजेशी करून घेतात आणि काही महिन्यांनंतरही विसरत नाहीत, असे शॉवर्स यांना आढळले.

या दोघांची पुढची भूमिका त्याहून महत्त्वाची आहे, आणि प्रशिक्षण-पुस्तिकांत नेमकी तीच गाळली जाते. 1996 मध्ये आपल्या अनुभवाचा आढावा घेताना त्यांनी पाठानंतर तोंडी अभिप्राय देण्याची प्रथाच सोडून दिली. सहकारी एकमेकांना अभिप्राय देऊ लागले की बोलणे नकळत शेरेबाजीकडे वळते आणि सहकार्य विस्कटते, असे त्यांनी पाहिले होते. त्यांनी भूमिकाही उलटवल्या. जो शिकवतो तो कोच, आणि जो पाहतो तो शिकणारा. पाहणाऱ्याने सुधारणा सुचवायला जायचे नाही, स्वतःसाठी काहीतरी घेऊन यायचे. तास पाहणे हा त्यांच्या मते कामाचा लहान भाग होता. मोठा भाग घटकांचे नियोजन, साहित्यनिर्मिती आणि मुलांच्या प्रगतीचा एकत्र विचार यांचा होता. शाळेतील सर्व शिक्षकांनी अशा अभ्यासगटांत येणे त्यांनी आवश्यक मानले. निवडक उत्साही मंडळींपुरता उपक्रम चालवला तर तो शाळेचा होत नाही, हा त्यामागचा विचार पटण्यासारखा आहे.

सर्वांनी ही भूमिका स्वीकारली नाही. आर्थर कोस्टा आणि रॉबर्ट गार्मस्टन यांच्या ‘कॉग्निटिव्ह कोचिंग’मध्ये संवाद केंद्रस्थानी आहे. पण तेथेही उपदेशाला जागा नाही. शिक्षकाने तासात कोणते निर्णय घेतले आणि का घेतले, हे त्याचे त्यालाच उलगडावे असे प्रश्न सहकारी विचारतो.

प्रत्यक्षात एक फेरी साधारण अशी चालते. तासाआधी पंधरा-वीस मिनिटे दोघे पाठ टाचण घेऊन बसतात. ज्याचा तास आहे तो एकच गोष्ट पाहायला सांगतो. ‘माझे शिकवणे बघा’ अशी मोघम विनंती निरुपयोगी ठरते. ‘प्रश्न विचारल्यावर मी किती थांबतो ते मोजा’ ही विनंती उपयोगी पडते. मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांच्या अभ्यासात दाखवले, की प्रश्नानंतर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. ती वेळ तीन सेकंदांवर नेली की उत्तरे लांबतात, कारणे येऊ लागतात आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलतात. हा एक सेकंद शिकवणाऱ्याला स्वतःला कधीच जाणवत नाही. त्यासाठी मागच्या बाकावर घड्याळ घेऊन बसलेला सहकारीच हवा. अशाच रीतीने वर्गाची बैठकरचना कागदावर काढून, कोणाला किती वेळा विचारले याच्या खुणा करता येतात. तासानंतर तो कागद मधे ठेवून बोलणे होते आणि कागद तास घेणाऱ्याकडेच राहतो. ‘छान झाला’ हा शेराही यात टाळला जातो, कारण आज शाबासकी देणाऱ्याला उद्या नापसंतीही देता येते.

जपानमधील ज्युग्यो केन्क्यू, म्हणजे पाठ-अभ्यास, ही या पद्धतीची अधिक जुनी आणि सामूहिक बहीण मानता येईल. तिची मुळे मेइजी काळापर्यंत जातात. शिक्षकांचा गट एका पाठाचे नियोजन अनेक बैठकांत करतो, एक जण तो घेतो, इतर उभे राहून मुलांचे काम टिपतात आणि नंतर चर्चा होते. पाठ गटाचा असल्याने टीका एका व्यक्तीच्या अंगावर येत नाही. जेम्स स्टिगलर आणि जेम्स हीबर्ट यांच्या 1999 च्या ‘द टीचिंग गॅप’ या पुस्तकामुळे ही पद्धत जगभर माहीत झाली. याउलट अमेरिकेतील टोलेडो येथे 1981 मध्ये शिक्षक संघटनेच्या पुढाकाराने सुरू झालेल्या योजनेत अनुभवी शिक्षक नवख्यांना मदतही करतात आणि त्यांना कायम ठेवावे की नाही याची शिफारसही करतात. ती योजना मोलाची असली, तरी तिला पिअर कोचिंग म्हणता येत नाही.

परिणामांविषयीचा पुरावा आशादायक आहे, पण मोठे दावे करण्याइतका नाही. मॅथ्यू क्राफ्ट, डेव्हिड ब्लेझर आणि डायलन होगन यांनी 2018 मध्ये शिक्षक-कोचिंगच्या 60 अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. अध्यापनाच्या दर्जात 0.49 आणि विद्यार्थ्यांच्या संपादणुकीत 0.18 प्रमाण विचलन इतकी सुधारणा दिसली. मात्र कार्यक्रम मोठा होत गेला तसा परिणाम घटला. यातील बहुतेक कोच सहशिक्षक नव्हते, नेमलेले तज्ज्ञ होते. सहशिक्षकांविषयी टेनेसी राज्यातील प्रयोग अधिक बोलका आहे. विशिष्ट कौशल्यांत कमी पडणाऱ्या शिक्षकाची त्याच शाळेतील, त्याच कौशल्यांत निपुण सहकाऱ्याशी जोडी लावली गेली. त्या वर्गांतील मुलांचे गुण 0.12 प्रमाण विचलनाने वाढले आणि हा फरक पुढील वर्षीही टिकला. इंग्लंडमधील 82 माध्यमिक शाळांच्या प्रयोगात काही शाळांतील शिक्षकांनी कोणत्याही परिणामाची भीती नसताना एकमेकांचे तास पाहिले. 2017 मधील स्वतंत्र मूल्यमापनाला या प्रयोगातून गुणवाढ आढळली नाही. सायमन बर्जेस आणि सहकाऱ्यांच्या 2021 च्या विश्लेषणात 0.07 प्रमाण विचलन इतकी वाढ दिसली, आणि तास पाहणाऱ्यांच्या विद्यार्थ्यांनाही तितकाच, किंबहुना किंचित अधिक, लाभ झाला. जॉईस आणि शॉवर्स यांच्या उलटवलेल्या भूमिकांना यातून बळ मिळते.

भारतात सेवांतर्गत प्रशिक्षण राज्य, जिल्हा, तालुका असे सुलभकांमार्फत पायरीपायरीने खाली येते आणि बहुधा सभागृहातच संपते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. हे तास वर्गखोलीत घालवता आले तर पिअर कोचिंगला वाव मिळेल. महाराष्ट्रात केंद्रप्रमुखांच्या कक्षेतील शाळांची शिक्षण परिषद ही त्यासाठी तयार जागा आहे. तेथे सूचना आणि माहितीचे तक्ते यांत वेळ गेला नाही, तर आदर्श पाठ आणि त्यावरील मोकळी चर्चा होऊ शकते. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने ज्ञानरचनावादी पद्धतीने चाललेले वर्ग पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. 22 जून 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ शासन निर्णयाच्या काळात या भेटींना वेग आला. परतल्यावर आपल्या वर्गात सोबतीला कोण, हा प्रश्न मात्र अशा भेटींनी सुटत नाही.

खरी अडचण वेळेची आणि माणसांची आहे. शहरातील मोठ्या शाळेत ऑफ तास मिळतो, पण तो बदली तासात जातो. त्यामुळे मुख्याध्यापकाने वेळापत्रकातच जोडीचे तास राखून ठेवावे लागतात. द्विशिक्षकी शाळेत एकाने दुसऱ्याचा तास पाहायचा तर आपले दोन-तीन वर्ग सोडून जावे लागते. एकशिक्षकी शाळेत तर सहकारीच नसतो. 2016–17 मध्ये देशात अशा 1,08,017 शाळा होत्या आणि त्यांपैकी 85,743 प्राथमिक होत्या. जवळच्या शाळांना एकत्र बांधणाऱ्या शाळा-संकुलाची शिफारस कोठारी आयोगाने (1964–66) केली होती. 2020 च्या धोरणाने ती पुन्हा पुढे आणली आहे, आणि एकट्या शिक्षकांना सहकारी मिळवून देणे हा तिच्या घोषित हेतूंपैकी एक आहे. मोबाइलवर तास चित्रित करून संकुलातील सहकाऱ्यासोबत सवडीने पाहणे, हाही अशा शाळांना परवडणारा मार्ग आहे. ते चित्रण वरिष्ठांच्या गटात फिरणार नाही, एवढी हमी शिक्षकाला आधी मिळायला हवी.