कऱ्हाड नेमकं कुठे मोडतं?

दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. हा फरक आपण मराठी माणसं एका छोट्याशा आडव्या 'र'वर पेलतो. हिंदीला तो लागत नाही. त्यामुळे २००० नंतरच्या काही वर्षांत लिनक्सवर सातारा जिल्ह्यातल्या कऱ्हाडचं नाव लिहायचं म्हणजे पंचाईत असे. कधी 'र'चा पाय मोडलेला दिसे, तर कधी 'ह'च्या डोक्यावर रफार चढे.

अशी चूक कळवायची सोय लिनक्सवर तेव्हाही होती, आजही आहे. पण फॉर्म सुरुवातीलाच विचारतो, चूक कोणत्या घटकात आहे? आणि इथेच बरेच जण खिडकी बंद करतात. डोळ्यांना चूक दिसते, तिचं घर दिसत नाही.

ते शोधायला आपल्याकडची गावंच कामाला येतात. सांगली, मिरज आणि कऱ्हाड ही तीन नावं टाईप करून बघा. 'सांगली'च्या जागी नुसते चौकोन आले तर देवनागरी फाँटच नाही. 'मिरज'मधली वेलांटी साठवताना 'म'च्या नंतर येते, पण दाखवायची असते आधी. ती 'म'च्या मागे राहिली तर अक्षरं जुळवणारं इंजिन कामच करत नाहीये. दोन्ही नावं नीट आणि फक्त कऱ्हाड मोडलं, तर मात्र गोष्ट बारीक आहे. इंजिनाला या 'र'चा नियम ठाऊक नसेल, किंवा फाँटमध्ये तो आकारच नसेल.

आता इंजिन की फाँट? जुन्या काळी याला एक सोपी युक्ती होती. ग्नोमचे प्रोग्रॅम पँगो वापरत, केडीईचे क्यूटीचं स्वतःचं इंजिन, आणि ओपनऑफिस आयसीयू. म्हणजे एकाच संगणकावर, एकाच फाँटमध्ये तीन खिडक्यांत तीन तऱ्हेचं कऱ्हाड दिसू शके! एकाच खिडकीत बिघडलं तर संशय त्या इंजिनावर, तिन्हीकडे बिघडलं तर फाँटवर.

पुढे ही वेगवेगळी इंजिनं मागे पडली. बहदाद इस्फहबोद यांनी नव्याने लिहिलेलं हार्फबझ २०१२ मध्ये पँगोत आलं, २०१३ मध्ये लिबरऑफिस ४.१ने लिनक्सवर घेतलं, क्यूटी ५मध्येही आलं. (नाव फारसी आहे. त्यातला 'हर्फ' म्हणजे अक्षर.) एका ठिकाणी दुरुस्ती केली की ती सगळीकडे पोचते, हा मोठाच फायदा. पण सगळी वाडी एकाच विहिरीचं पाणी प्यायला लागली की घराघरांत चव बघून काय कळणार? खिडक्यांची युक्ती बोथट झाली. आता फाँट बदलून बघायचा. आणि तेही सावधपणे, कारण निवडलेल्या फाँटमध्ये एखादं अक्षर नसेल तर लिनक्स ते गुपचूप दुसऱ्या फाँटमधून उसनं आणतं, आणि मग जोडाक्षर तुटतं.

एक चूक मात्र कुठल्याच घटकात सापडत नाही. युनिकोडमध्ये हा 'र' दोन प्रकारे लिहिता येतो. एक, 'ऱ' आणि हलन्त. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह 'जे' दाबलं की हा 'ऱ' मिळतो. दोन, साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पहिला मार्ग भारतीय इस्की प्रमाणाशी जुळावा म्हणून, दुसरा युनिकोडच्याच २.० आवृत्तीशी. दिसायला दोन्ही कऱ्हाड सारखीच. पण सातारा-सांगलीच्या गावांची यादी दोघांनी मिळून केली, एकाने असं लिहिलं आणि दुसऱ्याने तसं, तर साध्या शोधात निम्मीच कऱ्हाडं सापडतील. फाँट बरोबर, इंजिन बरोबर, कळफलकही बरोबर. तक्रार करायचीच तर शोधणाऱ्या प्रोग्रॅमकडे करावी, की बाबा, हे दोन्ही एकच समज.

तेव्हा मंडळी, घटक चुकेल म्हणून गप्प बसू नका. चुकीच्या घटकावर लावलेली तक्रार जाणकार योग्य जागी हलवू शकतात. फक्त नेमकी कोणती अक्षरं टाईप केली, कोणते फाँट आणि कोणते प्रोग्रॅम बदलून पाहिले, एवढं लिहा. नुसतं 'मराठी नीट दिसत नाही' म्हटलं तर ते कुठे हलवायचं हे त्यांनाही कळत नाही. आणि हिंदीवाल्यांना हा 'र' लागतच नाही, त्यामुळे आपण नाही सांगितलं तर कोण सांगणार?