साखळीचा पाहुणचार : उंबरठ्याच्या आत आणि बाहेर

गोमंतकाचा इतिहास लिहिणाऱ्यांची दृष्टी सामान्यतः किल्ले, तह आणि बंडे यांवर खिळलेली असते. साखळीचे नाव निघाले की राण्यांची बंडे आठवतात. १८५२ साली दीपाजी राणे यांनी नाणूसचा किल्ला घेतला तो प्रसंग, १८९५ साली मोझांबिकला जाण्यास नकार देणाऱ्या मराठा शिपायांचे बंड आणि त्यांना मिळालेले दादा राणे, हे सारे आपण अभिमानाने सांगतो; आणि ते सांगितले गेलेच पाहिजे. परंतु बंडाच्या आधी आणि बंडानंतर या गावची माणसे काय जेवत होती, दारी आलेल्यापुढे प्रथम काय ठेवीत होती, मद्य घरात कोठपर्यंत येऊ देत होती, हे प्रश्न इतिहासाचे नव्हेतच अशी आपली समजूत दिसते. राज्यकर्त्यांची समजूत मात्र अशी कधीच नव्हती. चूल हा राज्यकारभाराचा विषय आहे, हे गोव्याच्या सत्ताधीशांनी आपल्या इतिहासकारांच्या फार पूर्वी ओळखले होते.

साखळी हे वाळवंटी नदीच्या काठचे बाजारगाव. घाटावरून, म्हणजे बेळगावकडून चोर्ले घाटाने उतरणारा माल आणि मांडवीच्या खाडीतून वर येणारा समुद्राकडचा माल यांची गाठ या भागात पडे. त्यामुळे येथील स्वयंपाकाला दोन्ही बाजू आहेत. एका अंगाला सुपारी, नारळ, केळी, मिरी आणि फणस एकत्र नांदणारे कुळागर. दुसऱ्या अंगाला खाडीची मासळी आणि मीठ. उकड्या तांदळाची पेज, नारळाच्या वाटपात तिरफळे घालून केलेले मासळीचे हुमण, सोलकढी आणि तोंडी लावायला सुक्या सुंगटांची किसमूर, एवढ्यावर या भागातील कष्टाळू माणूस तृप्त होतो. ज्या दिवशी मासळी वर्ज्य असते त्या दिवसाला ‘शिवराक’ म्हणतात. आणि शिवराकच्या दिवशीचे खतखते ज्याने जेवले आहे, तो त्या दिवसाला उपवासाचा दिवस म्हणणार नाही.

आता पाहुणा. गोव्याच्या खेड्यापाड्यांत उन्हातून आलेल्या माणसापुढे प्रथम गूळ आणि पाण्याचा तांब्या ठेवण्याची जुनी रीत आहे. चहाने तिला बरेचसे मागे सारले असले तरी ती पुरती लोपलेली नाही. या रीतीतील मर्म असे की गूळपाणी देण्यापूर्वी पाहुण्याला काही विचारावे लागत नाही. जेवायला बसवायचे म्हणजे जात, गोत, सोवळे, नाते असे अनेक प्रश्न उभे राहत. तहानेला ते विचारण्याचे कारण नव्हते. त्यानंतर पान, सुपारी, चुना यांचे तबक. कुळागरांच्या प्रदेशात विडा हा घरच्या पिकाचाच पाहुणचार होता.

सणांच्या दिवशी मात्र हा पाहुणचार गावभर पसरतो. नरकचतुर्दशीच्या पहाटे कारीट पायाखाली फोडले की घराघरांत पोहे तयार होतात: दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले गूळ घातलेले, बटाटे घातलेले तिखट. शेजारी एकमेकांकडे जाऊन ते खातात, आणि सकाळ संपेपर्यंत एका माणसाने किती घरांचे पोहे खाल्ले याचा हिशोब राहत नाही. चवथीला गणपतीवर माटोळी बांधतात, तिच्यात रानातील फळे, वेली आणि परसातील भाज्या टांगलेल्या असतात. ती एका परीने त्या मुलखाची वनस्पतिसूचीच होय. विठ्ठलापूरच्या विठ्ठलमंदिराचा चैत्रोत्सव आणि तेथील वीरभद्र, तसाच त्रिपुरारी पौर्णिमेला वाळवंटीच्या पात्रात होणारा दीपांनी उजळलेल्या नौकांचा उत्सव, या दोन प्रसंगी साखळी-कारापूरची घरे पाहुण्यांनी भरतात. हे मंदिर राणे घराण्याचे. शस्त्र धरणाऱ्या हातांनी उत्सवाचीही व्यवस्था लावली होती, ही गोष्ट बंडांच्या इतिहासात सहसा येत नाही.

वर वर्णिलेले सारे साधे, नित्याचे वाटते. ते किती सहज नाहीसे होऊ शकले असते, हे पाहायचे असेल तर १४ एप्रिल १७३६ चा गोव्याच्या इन्क्विझिशनचा जाहीरनामा वाचावा. अनंत काकबा प्रियोळकर यांनी इन्क्विझिशनवरील आपल्या १९६१ सालच्या इंग्रजी ग्रंथात त्याचा परिचय करून दिला आहे. देशी ख्रिस्ती लोकांनी कोणत्या चालीरीती टाकाव्यात याची ती यादी आहे, आणि ती धर्मतत्त्वांची नाही, घरातल्या वागणुकीची आहे. लग्नात ओव्या गाऊ नयेत. विवाहप्रसंगी विडे-फुले वाटू नयेत. परसात तुळस लावू नये. हिंदूंप्रमाणे मीठ न घालता भात शिजवू नये. ज्याने ही यादी केली तो अडाणी नव्हता. देवळे पाडून दीड-दोन शतके लोटल्यावरही जुने जग कोठे जिवंत आहे हे त्याने अचूक हेरले होते. ते भाताच्या हंडीत होते.

साखळीवर हा जाहीरनामा चालला नाही, याचे कारण तेथील लोक अधिक निष्ठावान होते असे मात्र कोणी समजू नये. कारण निव्वळ सनावळीचे आहे. तिसवाडी, बारदेश, साष्टी या ‘जुन्या काबिजादी’ सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांच्या हाती गेल्या. डिचोली, साखळी, सत्तरी हा मुलूख आज भोसल्यांचा, उद्या पोर्तुगीजांचा असा हिंदकळत राहून अठराव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत कायमचा गोव्याला जोडला गेला. पेडणे १७८८ साली आले. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता. इन्क्विझिशन १७७४ साली काही वर्षांपुरते बंद होऊन पुन्हा सुरू झाले होते, तरी त्याचे दात पडले होते, आणि १८१२ साली ते कायमचे उठले. नव्या मुलखातील लोकांना त्यांचा धर्म व चालीरीती राखण्याची हमी मिळाली आणि पुढे १८५३ साली नव्या काबिजादींतील हिंदूंच्या चालीरीतींची संहिताच सरकारने जारी केली. साखळीच्या अंगणातील तुळस ही अशी उशिरा आलेल्या परचक्राची साक्ष आहे. आणि पलीकडे, साष्टी-बारदेशच्या ख्रिस्ती घरांतही लग्नाआधीचा नारळाच्या रसाचा ‘रोस’ आणि काही ओव्या टिकून राहिल्याच. हंडीवर हुकूम चालवणे तितके सोपे नव्हते.

परक्याचे जे आले त्यापैकी किती घेतले, हाही भाग पाहण्याजोगा आहे. मिरची, बटाटा, अननस, पपई, काजू ही सारी अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या गलबतांनी आणलेली. ती साखळीच्या चुलीवर अशी रुजली की ती परकी होती हेच विसरले गेले. पण जुन्या वळणाच्या घरातील श्राद्धाचा स्वयंपाक पाहावा. तेथे मिरचीऐवजी मिरी असते, आणि बटाटा, कोबी यांना पानावर जागा नसते. पितरांना नवे पदार्थ ठाऊक नाहीत असे कोणी थट्टेने म्हणेल. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र म्हणावे की येथे सोळाव्या शतकापूर्वीचे पान जसेच्या तसे वाढलेले आहे. असा पुरावा दप्तरखान्यात सापडत नाही.

शब्दांचेही तसेच. भाकरीचे पीठ मळायची परात पोर्तुगीज, पाणी शेंदायची बादली पोर्तुगीज, वाळू-सिमेंट उचलायचे घमेले पोर्तुगीज. पावसाळ्यासाठी मे महिन्यात सुकी मासळी, मीठ, सोले, मिरच्या भरून ठेवायच्या, त्या बेगमीला गोव्यात ‘पुरुमेंत’ म्हणतात. तोही ‘प्रोव्हिमेंतु’चाच अवतार. परंतु या सर्वांत मला मौज वाटते ती ‘पिंप’ या शब्दाची. पोर्तुगीज ‘पीपा’ म्हणजे मद्याचे मोठे लाकडी पात्र. ते आपल्या घरात आले, न्हाणीघरात बसले आणि पाण्याने भरले गेले. भांडे आत आले. मद्य दाराशी थांबले.

मद्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे प्राप्त आहे, कारण गोवा म्हटले की बाहेरच्या माणसाला प्रथम तेच आठवते. माडाच्या सुरेपासून मद्य गाळण्याची विद्या येथे जुनी आहे. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्स्होतेन या डच प्रवाशाने सुरेचे व तिच्यापासून गाळलेल्या अर्काचे वर्णन केले आहे. काजू नंतरचा. १५६३ साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ता यांच्या औषधिग्रंथात काजू नाही. १५७८ सालच्या क्रिस्तोव्हांव द कोस्ता यांच्या ग्रंथात तो आहे. म्हणजे आज गोव्याचे म्हणून जे मद्य ओळखले जाते त्याचे झाडसुद्धा या भूमीत साडेचारशे वर्षांहून फारसे जुने नाही. पण डिचोली, सत्तरी, पेडणे यांच्या जांभ्याच्या डोंगरउतारांना ते असे मानवले की मार्च ते मे या दिवसांत तेथील वाराच काजूच्या बोंडांच्या वासाने जड होतो. कोळंबीत, म्हणजे खडकात कोरलेल्या कुंडीत, बोंडे पायांनी तुडवतात. रस आंबवून भाटीवर भाणात उकळतात. पहिल्या उतारीचा हुर्राक, दुसऱ्या उतारीची फेणी. हुर्राक टिकत नाही, म्हणून तो हंगामातच प्यायचा. फेणी ठेवता येते. तुडवलेल्या बोंडांच्या चोथ्यातून आपोआप थेंबथेंब गळणारा नीरो मात्र न आंबवता पितात, आणि तो पोरांनाही चालतो.

ही भाटी घरात नसते. ती रानात, ओढ्याच्या काठी असते. फेणीही जुन्या हिंदू घरात आली तर औषधाच्या कपाटात आली: सर्दीला छातीवर चोळायला, पोटदुखीला जिरे घालून चमचाभर. पुरुष पीत नव्हते असे मुळीच नाही. पण ते बाहेर पीत, आणि पाहुण्यापुढे ती उघडपणे ठेवणे शिष्टसंमत नव्हते. आदराने मद्य ज्याला मिळे तो वेगळाच. गावाच्या सीमेवरचा राखणदार, देवचार, याला रोट, विडी आणि सोरो म्हणजे दारू ठेवण्याची प्रथा या मुलखात आहे. घरातील देवाला गूळखोबरे, सीमेवरील देवाला सोरो. हा भेद कोणत्याही शास्त्रग्रंथात मी वाचलेला नाही, तरी तो पाळला जातो. ख्रिस्ती घरात, उलट, भोजनाबरोबर मद्याचा पेला हा सरळ पाहुणचार होता. तेथे पाव होता, आणि तो आंबवायला सूरच वापरीत. हिंदूंच्या घरी पाव उशिरा शिरला याचे हेही एक कारण असावे. मोठ्या घराण्यांना दोन्ही रीती सांभाळाव्या लागत. पेडण्याचे देशप्रभू पोर्तुगीज राजाकडून ‘व्हिस्कोंद’ झाले. त्यांच्या वाड्यात आतले चौक देशी राहिले आणि युरोपीय धाटणीचा दिवाणखाना वेगळा सजला.

सत्तेचा हात घरच्या ताटाला पुन्हा लागला तो १८७८ सालच्या इंग्रज-पोर्तुगीज करारामुळे. १८८० ते १८९२ अशी बारा वर्षे तो अमलात होता. गोव्याच्या मिठाचा मक्ता इंग्रजांकडे गेला, मद्यावर ब्रिटिश हिंदुस्थानाच्या पद्धतीची अबकारी बसली, आणि त्याबदली पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लक्ष रुपये मिळाले. मार्मागोव्याचा लोहमार्ग झाला, हे खरे. परंतु मीठ महागले की सुकी मासळी महागते आणि पुरुमेंत अपुरी पडते, हे ज्यांच्या घरी पावसाळा काढायचा होता त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. माडावरच्या करामुळे रेंदेर, म्हणजे सूर काढणारे, मेटाकुटीस आले आणि चोरट्या व्यापाराला ऊत आला. ज्या इतिहासात इन्क्विझिशनला पानेच्या पाने मिळतात त्यात या कराराला एखादा परिच्छेद मिळतो. माझ्या मते गरिबाच्या पेजेला या कराराने दिलेला चटका कमी दाहक नव्हता.

या गृहजीवनाचे चित्र केवळ रम्य रंगात रंगवणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. गूळपाणी सर्वांना होते. पंगत सर्वांना नव्हती. भाटकाराच्या जमिनीत घर बांधून राहणाऱ्या मुंडकाराने चवथीला आपल्या परसातील दुधी, काकडी, केळी मालकाच्या घरी पोचवायची आणि स्वतः अंगणात बसून जेवायचे, असा हा पाहुणचार अनेक घरी उलट्या दिशेने वाहत होता. घरातही कीर्ती यजमानाची आणि धूर गृहिणीच्या डोळ्यांत. वाटपाच्या दगडाशी जी बसे ती पानावर सर्वांत शेवटी बसे. १९६१ च्या मुक्तीनंतर १९६४ चा कूळकायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा आला, तेव्हा मालकाच्या अंगणातील ते जेवण हळूहळू थांबले. त्याबरोबर पुष्कळ वाड्यांतील उत्सवांचा थाटही उतरला, आणि तो उतरल्याबद्दल हळहळणाऱ्यांनी त्याचा खर्च कोण सोशीत होते हेही आठवावे.

फेणीचे दिवस मात्र पालटले आहेत. २००९ साली काजूफेणीला भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि २०१६ साली गोवा सरकारने फेणीला राज्याचे वारसा-पेय ठरवले. जी बाटली जुन्या घरात कपाटाच्या मागल्या बाजूस असे, ती आता नक्षीच्या खोक्यात घालून परगावच्या पाहुण्याला भेट देतात. डोंगरावरील काजूच्या बागांचे विभाग पाडून गाळण्याच्या हक्काचा लिलाव दरसाल होतो. ‘लिलाव’ हाही शब्द पोर्तुगीजच. आणि हंगामाच्या अखेरीस, भाटी विझवण्यापूर्वी, पहिला पेला राखणदाराच्या नावाने बाहेर ओतणारे भाटीवाले या भागात अजून आहेत.