पुड्यावरच्या ‘व्ही’ची कुळकथा

बिस्किटाचा पुडा उलटसुलट करून पाहताना आपली नजर एका हिरव्या चौकटीतल्या हिरव्या ठिपक्यावर थांबते, आणि तो दिसला की पुडा पिशवीत जातो. ठिपका अगदी लहान असतो. पुड्याची दर्शनी बाजू शंभर चौरस सेंटिमीटरपेक्षा मोठी नसेल तर तीन मिलिमीटर व्यासाचा ठिपका कायद्याला पुरतो. त्याचा जन्मही जुना नाही. अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांमध्ये 2000 मध्ये दुरुस्ती होऊन मांसाहारी पदार्थांवर तपकिरी खूण आली, आणि 2001 च्या दुरुस्तीने शाकाहारी पदार्थांना हिरवी. रंगांधळ्या माणसाला हिरवा आणि तपकिरी ठिपका सारखाच दिसतो, म्हणून पुढे तपकिरी ठिपक्याचा त्रिकोण झाला. पण रंग आणि आकार यांपेक्षा महत्त्वाची आहे ती या खुणेमागची व्याख्या, आणि ती वाचायला फारसं कुणी जात नाही. प्राण्यापासून मिळालेलं काहीही पदार्थात असेल तर तो मांसाहारी, असं नियम सांगतो आणि लगेच अपवाद देतो: दूध, दुधाचे पदार्थ, मध, मधमाशीचं मेण आणि लाख. लाख म्हणजे झाडाच्या फांदीवर लाखेच्या किड्यांनी स्रवलेली राळ. ती शुद्ध करून गोळ्या-चॉकलेटांवर चकाकीसाठी चढवतात. घटकांच्या यादीत तिचा क्रमांक 904, आणि त्याच पुड्यावर ठिपका हिरवाच.

यात फसवणूक नाही. आपल्याकडे शाकाहार या शब्दात दूध, दही, तूप पूर्वापार सामावलेलं आहे, उपवासाची साबुदाण्याची खिचडीसुद्धा तुपात परतली जाते, आणि कायद्याने समाजाची समजूत तशीच उचलली. अडचण होते ती दुधामागच्या गायी-म्हशींचाही विचार करणाऱ्या ग्राहकाची. गोठ्यात नकोसा झालेला गोऱ्हा किंवा रेडा कुठे जातो, हा प्रश्न त्याला पडलेला असतो. त्याच्यासाठी हिरवा ठिपका अर्ध्या वाटेवरच थांबतो. उरलेली वाट दाखवण्यासाठी जी खूण आली, ती व्हीगन चिन्हाची. माझं म्हणणं असं की या खुणेने ग्राहकाला पुण्यवान बनवलेलं नाही, पण चौकशीचं ओझं त्याच्या डोक्यावरून उतरवून माल बनवणाऱ्याच्या डोक्यावर ठेवलं आहे. तिचा खरा उपयोग तोच, आणि तिची कुळकथा पाहिली की ते पटतं.

आधी शब्द आला, खूण फार नंतर. इंग्लंडमधली व्हेजिटेरियन सोसायटी 1847 ची. दूध-अंडी खाणं तत्त्वात बसतं का, यावर तिथे वाद होत राहिले. लेस्टरमध्ये सुतारकाम शिकवणारे डोनाल्ड वॉटसन आणि त्यांचे काही सहकारी यांना दूधही वर्ज्य मानणाऱ्यांसाठी वेगळी जागा हवी होती. नोव्हेंबर 1944 मध्ये, महायुद्ध चालू असतानाच, त्यांनी ‘द व्हीगन न्यूज’ नावाचं छोटं पत्रक काढलं आणि व्हीगन सोसायटी सुरू झाली. नवा शब्द ‘व्हेजिटेरियन’मधली पहिली तीन आणि शेवटची दोन इंग्रजी अक्षरं जोडून घडवलेला होता. शाकाहाराची सुरुवात जिथे झाली आणि तो तर्काने जिथे पोचायला हवा, ती दोन टोकं त्यात एकत्र येतात, अशी त्यामागची भूमिका होती. शब्द जन्मल्यावरही त्याच्या अर्थाची हद्द ठरायला वेळ लागला. लेस्ली क्रॉस यांच्या पुढाकाराने 1951 मध्ये ती आखली गेली: माणसाने प्राण्यांचं शोषण न करता जगावं. म्हणजे प्रश्न ताटापुरता उरला नाही, चामडं, लोकर, प्रसाधनं सगळीच त्यात आली. आणि तरीही दुकानातल्या वस्तूवर छापायचं, सूर्यफुलाच्या आकृतीचं नोंदणीकृत चिन्ह सोसायटीने सुरू केलं ते 1990 मध्ये. मधली जवळपास चाळीस वर्षं या मंडळींना चिन्हावाचून काढावी लागली. उत्पादकांना पत्रं लिहायची, आलेल्या उत्तरांवरून याद्या करायच्या, त्या एकमेकांना द्यायच्या.

हद्द आखणं किती अवघड असतं याचं एक उदाहरण आपल्या जवळचं आहे. गांधीजींनी 1912 मध्ये दक्षिण आफ्रिकेत दूध सोडलं. पुढे भारतात ते गंभीर आजारी पडले. माथेरानचं पाणी मानवलं नाही, म्हणून मुंबईला परतले. डॉ. दलाल यांनी दुधाशिवाय शरीर भरून येणार नाही असं सांगितलं, तेव्हा कस्तुरबांनी सुचवलं की तुमचं व्रत गाई-म्हशीच्या दुधाचं, मग शेळीचं घ्यायला हरकत काय? 1919 च्या सुरुवातीला त्यांनी शेळीचं दूध घेतलं. व्रताचा शब्द पाळला गेला, आत्मा दुखावला गेला, अशी कबुली त्यांनी आत्मकथेत दिली आणि ही बोच त्यांना शेवटपर्यंत राहिली. स्वतःच घातलेल्या नियमाची व्याख्या इतक्या प्रामाणिक माणसालाही अशी छळते, तर दुसऱ्याने कारखान्यात बनवलेल्या वस्तूची हद्द ग्राहकाने दुकानात उभ्या उभ्या कशी ओळखायची?

कारण कित्येकदा घटकांच्या यादीत काहीच दिसत नाही. काजूकतलीवरचा चांदीचा वर्ख घ्या. वर्ख ठोकण्याची जुनी पद्धत जनावराच्या आतड्याच्या पापुद्र्यांची वही करून त्यात चांदीचे तुकडे ठेवण्याची. मिठाईत उतरते ती फक्त चांदी. इंग्लंडमध्ये बिअर नितळ करण्यासाठी माशाच्या हवेच्या पिशवीपासून केलेलं इझिंग्लास वापरत आले आहेत, काही देशांत साखर पांढरी करण्यासाठी हाडांचा कोळसा. हे पदार्थ काम करून बाजूला होतात. दुसरीकडे जे मालात उरतं ते आकड्याआड लपतं. 631 क्रमांकाचा चव वाढवणारा घटक मासळीपासूनही निघतो आणि वनस्पतिजन्य मालापासूनही. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये नेमक्या याच घटकाचं उदाहरण घेऊन आदेश दिला की प्रत्येक घटक वनस्पतीचा की प्राण्याचा, हे उत्पादकाने उघड सांगावं, प्रमाण कितीही कमी असो.

आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने व्हीगन पदार्थांचे नियम जून 2022 मध्ये अधिसूचित केले, ते या पार्श्वभूमीवर महत्त्वाचे वाटतात. इंग्रजी ‘व्ही’ अक्षर आणि पान असलेलं हिरवं चिन्ह त्यांनीच दिलं. त्यांची व्याख्या पुड्यातल्या पदार्थापाशी थांबत नाही, ती कारखान्यात शिरते. मूळ घटक, रंग, स्वाद, विकर, प्रक्रियेला साहाय्य करणारे पदार्थ, यांपैकी काहीही कोणत्याही टप्प्यावर प्राण्यापासून आलेलं चालत नाही. प्राण्यांवर चाचणी नको. त्याच यंत्रावर इतर माल होत असेल तर आधी नीट सफाई हवी. माल कुठून आला याचा माग ठेवायचा, आणि चिन्ह छापण्याआधी मंजुरी घ्यायची. ‘यात लाख आहे का, ही साखर कशी गाळली’ हे प्रश्न आता एकदाच, अधिकार असलेल्या यंत्रणेकडून विचारले जातात. ग्राहकाचा सद्हेतू पूर्वीही होता, पण तो प्रत्येक पुड्यापाशी थकत होता.

यावर पहिला आक्षेप असा की भाकरी, ठेचा, तेलातलं पिठलं यांना कुणी चिन्ह दिलं नाही, मग हे थेर कशाला? आक्षेपातलं निरीक्षण खरं आहे. ज्या अन्नाचा स्वयंपाक आपल्यासमोर होतो त्याला चिन्ह लागतच नाही. करणारा आणि खाणारा यांच्यात कारखाना, गोदाम आणि समुद्र येतो तिथे ते लागतं. दुसरा आक्षेप मला अधिक जड वाटतो. चॉकलेट व्हीगन असलं तरी त्यातला कोको पश्चिम आफ्रिकेतल्या लहान मुलांच्या श्रमाचा असू शकतो, पामतेलासाठी जंगल तुटलेलं असू शकतं, आणि चिन्ह यावर गप्प बसतं. ते खरंच गप्प बसतं. म्हणून त्याला ‘नैतिक’ खरेदीचा दाखला समजणं चूक आहे. पण एकच गोष्ट सांगणारं चिन्ह निदान तपासता येतं, आणि खोटं निघालं तर त्याबद्दल जाब विचारता येतो. ‘निसर्गस्नेही’, ‘क्रूरतामुक्त’ असल्या मोघम शब्दांबाबत तसं करता येत नाही. युरोपीय संघाने 2011 च्या कायद्यात शाकाहारी-व्हीगन माहितीसाठी नियम करायचं काम आयोगावर सोपवलं, पण वर्षानुवर्षं ते नियम आले नाहीत. अशा पोकळीत खाजगी चिन्हांवरच भिस्त राहते, आणि त्यांचं शुल्क छोट्या उत्पादकाला जड जातं. बचत गटाची शेंगदाण्याची चटणी मुळातच व्हीगन असूनही बिनचिन्हाची राहते आणि मोठ्या कंपनीची तीच चटणी चिन्ह मिरवते, हा अन्याय आहे. छोट्यांसाठी मंजुरी स्वस्त आणि सोपी करणं हे सरकारचं काम आहे, ते चिन्ह रद्द करून होणार नाही.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. व्हीगन चिन्ह म्हणजे ॲलर्जीपासून अभय नव्हे. यंत्रात राहिलेला दुधाचा अंश तत्त्वाच्या दृष्टीने क्षम्य ठरू शकतो, पण दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या जिवावर तो बेतू शकतो. त्याच्यासाठी ॲलर्जीची वेगळी सूचनाच वाचावी.

आणि जिथे ‘व्ही’ नाही तिथे ठिपक्यावर न थांबता यादी वाचा, 904, 631, 120 हे आकडे शोधा. 120 म्हणजे किड्यांपासून काढलेला लाल रंग. शंका आली तर पुड्यावरच परवान्याचा 14 अंकी क्रमांक आणि ग्राहकसेवेचा पत्ता छापलेला असतो. तिथे दोन ओळी लिहून विचारा, आणि उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारा.