कोल्हापूर प्रकरण आणि उपहासाची मूस

हातकणंगले तालुक्यांतील हुपरी हें गांव चांदीच्या दागिन्यांकरितां दूरवर प्रसिद्ध आहे. तेथील पैंजण व साखळ्या पाहावयास गेलेला मनुष्य झळाळीनेंच मोहून जातो. पण जाणता कारागीर झळाळीवर भुलत नाहीं. तो चांदी मुशींत वितळवितो, हीण निराळें करितो आणि मगच कसाविषयीं बोलतो. राज्यकर्त्यांवर लेखणी उचलणारास याहून चांगला गुरु मिळणें कठीण. याच मुलुखांतील कोल्हापूर दरबाराच्या एका प्रकरणांत आपल्या दोन थोर पुरुषांस हा धडा फार महाग पडला, त्याचें स्मरण आम्ही येथें करूं इच्छितों.

१८७० सालीं छत्रपति राजाराम महाराज इटलींत फ्लॉरेन्स येथें निवर्तले. त्यांच्यामागें दत्तक आलेले शिवाजी महाराज अल्पवयी होते. कारभार इंग्रज अधिकाऱ्यांच्या देखरेखीखालीं चाले व पुढें दिवाणगिरी रावबहादूर बर्वे यांच्याकडे आली. महाराजांस वेड लागलें आहे असें सांगण्यांत येऊं लागलें आणि त्यांचा छळ होतो अशी कुजबूज लोकांत सुरू झाली. अनियंत्रित सत्तेचें खरें स्वरूप येथें दिसतें. ज्यास एकदां वेडा ठरविलें, त्यानें तक्रार केली तर तो वेडाचा पुरावा. आणि मुकाट्यानें सोसलें तर तेंही वेडाचेंच लक्षण! कोणत्याही प्रहसनकारास याहून विलक्षण दरबार कल्पितां येणार नाहीं.

१८८१ सालीं निघालेल्या ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनीं महाराजांची बाजू उचलली. दिवाणांच्या कारस्थानाचा पुरावा म्हणून कांहीं पत्रें पुढें आलीं व टिळक-आगरकरांनीं त्यांवर विश्वास ठेविला. दिवाणांनीं अब्रूनुकसानीची फिर्याद केली. पत्रें बनावट ठरलीं. संपादकांनीं माफी मागितली. तरीही जुलै १८८२ मध्यें दोघांस चार महिन्यांची साधी कैद झाली आणि मुंबईच्या डोंगरी तुरुंगांत १०१ दिवस काढून ते बाहेर आले. पुढें २५ डिसेंबर १८८३ रोजीं अहमदनगरच्या किल्ल्यांत, पहाऱ्यावरील गोऱ्या शिपायाशीं झालेल्या झटापटीनंतर, महाराजांचा अंत झाला. पत्रें खोटीं होतीं हें खरें. परंतु लोकांची भीति निराधार होती असें त्या दिवसानंतर कोण म्हणूं शकेल?

येथें एक प्रश्न उभा राहतो. इतकीं बुद्धिमान माणसें खोट्या कागदांस फसलीं कशीं? आमच्या मतें उत्तर असें, कीं जेथें दप्तर बंद, साक्षीदार भयभीत आणि विचारणाराची सोय नाहीं, तेथें खरा पुरावा बाहेर येतच नाहीं. आणि ती रिकामी जागा बनावट पुराव्यानें भरून निघते. मिंधी व बंदिस्त राजसत्ता हीच खोट्या नाण्यांची मोठी टांकसाळ होय. त्या नाण्यांनीं अखेर तिचाच लाभ होतो, कारण एक कागद खोटा ठरला कीं सारी तक्रारच खोटी म्हणतां येते.

अशा वेळीं साहित्य निराळी वाट धरितें. आगरकरांनीं आपल्या तुरुंगवासाची हकीकत १८८२ मध्येंच पुस्तकरूपानें दिली, आणि तींत दुःखाबरोबर विनोदासही जागा ठेविली. याच कारावासांत त्यांनीं ‘हॅम्लेट’च्या मराठी रूपांतरास हात घातला, ‘विकारविलसित’ या नांवानें तें १८८३ त प्रसिद्ध झालें. वेडा समजल्या गेलेल्या राजपुत्राची कथा, वेडा ठरविलेल्या राजाच्या पायीं कैद भोगणाऱ्यानें मराठींत आणावी, हा योग विलक्षण खरा. पंचवीस वर्षांनीं खाडिलकरांचें ‘कीचकवध’ रंगभूमीवर आलें. त्यांत कर्झनसाहेबांचें नांव कोठेंच नव्हतें. कथा महाभारतांतील होती. तरीही प्रेक्षकांनीं कीचकांत त्यांस ओळखलें, आणि १९१० सालीं सरकारनें नाटकावर बंदी घालून ती ओळख पक्की केली! इंग्लंडांत ऑर्वेलनें १९४५ सालीं जनावरांच्या गोठ्यांतून हुकूमशाही दाखविली, तीही याच जातीची युक्ति.

कोणी म्हणेल, उपहासास पुरावा लागत नाहीं, म्हणून तो बेजबाबदार असतो. आम्हांस हा आक्षेप अर्धाच मान्य आहे. उपहास अमुक मनुष्यानें अमुक दिवशीं विष घातलें असें सांगत नाहीं. तो सत्तेची चाल दाखवितो, आणि ती खरी कीं खोटी हें वाचक स्वतःच्या अनुभवाच्या कसोटीवर घासून पाहतो. चाल खोटी असेल तर कोणी हंसत नाहीं. मात्र ज्यास माणसाचें नांव घेऊन आरोप करावयाचा आहे, त्यानें हुपरीच्या कारागिराप्रमाणें आधीं मूस पेटवावी. डोंगरीच्या त्या १०१ दिवसांनीं ही गोष्ट आपणांस शिकविली आहे. ती विसरणें आपणांस परवडणारें नाहीं.