न्यायाचा ओळंबा : संदेष्टा आमोस

हिब्रू भाषेत संदेष्ट्याला 'नावी' म्हणतात. भविष्य वर्तविणे हे त्याचे दुय्यम काम. ईश्वराच्या वतीने बोलणे, हे मुख्य. संदेष्ट्यांनी मांडलेल्या ईश्वरी न्यायाचे रोखठोक रूप आमोसच्या नऊ अध्यायांच्या ग्रंथात आढळते.

आमोस हा यहूदा राज्यातील, बेथलेहेमच्या दक्षिणेकडील तकोवा गावचा मेंढपाळ. उंबराच्या जातीच्या झाडांची निगा राखणे, हाही त्याचा व्यवसाय. इ. स. पूर्व आठव्या शतकाच्या मध्याला, दुसऱ्या यराबामाच्या कारकिर्दीत, तो उत्तरेकडील इस्राएल राज्यात गेला. तेथे तेव्हा समृद्धी नांदत होती. राजधानी शोमरोन येथे १९३०च्या दशकातील उत्खननात हस्तिदंती कोरीव तुकडे सापडले. आमोसही धनिकांच्या हस्तिदंती पलंगांचा उल्लेख करतो.

ग्रंथाच्या आरंभी तो दमास्कस, गाझा, सोर आदी शेजाऱ्यांचे अपराध वाचतो. मवाबाचा अपराध आहे अदोमच्या राजाची हाडे जाळण्याचा. येथे पीडित इस्राएल नव्हे, परकाच आहे. तरीही ईश्वर त्याची दाद घेतो. मग आरोपांचा रोख इस्राएलकडेच वळतो. कर्जापायी गरिबांची विक्री, खोटी मापे, वेशीतील न्यायसभेत चालणारी लाचलुचपत, हे ते आरोप.

ईश्वराने निवडलेली प्रजा म्हणून इस्राएलला सवलत मिळत नाही. उलट अधिक कठोर जाब द्यावा लागतो. लोक 'परमेश्वराच्या दिवसा'ची विजयदिन म्हणून वाट पाहत होते. आमोसच्या मते तो प्रकाशाचा नव्हे, अंधाराचा दिवस ठरणार होता. 'मिश्पात' म्हणजे न्यायनिवाडा आणि 'त्सेदाका' म्हणजे नीतिमत्ता. या दोहोंवाचून केलेले यज्ञ व गीते ईश्वराला अमान्य आहेत, असे तो सांगतो.

मात्र हा न्याय आंधळा सूड नाही. टोळधाड आणि अग्नी यांच्या दृष्टान्तांनंतर आमोस रदबदली करतो आणि दोन्ही वेळा ईश्वर माघार घेतो. तिसऱ्या दृष्टान्तात, पारंपरिक अर्थानुसार, ओळंबा दिसतो. भिंत कलली आहे की नाही, हे गवंडी ज्याने पाहतो, तेच हे साधन. या वेळी क्षमा नाही.

बेथेलचा याजक अमस्या याने आमोसला राज्यातून निघून जाण्यास फर्मावले. पुढे इ. स. पूर्व ७२२च्या सुमारास अश्शूरी सैन्यापुढे शोमरोन पडले. ग्रंथाचा शेवट मात्र पुनर्वसनाच्या आश्वासनाने होतो. आमोसच्या दृष्टीने शिक्षा अटळ नव्हती; वेशीत दुबळ्याला न्याय मिळाला असता, तर ती टळूही शकली असती.